लॅप स्विमिंग आणि योगासनं एकाच दिवशी: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

पोहणं आणि योगासनं यांची जोडी छान जमते. पाण्यात हृदय आणि फुप्फुसं भरपूर काम करतात, पण शरीराचं वजन पाण्यानं पेललेलं असल्यामुळे हाडांवर भार फारसा येत नाही. उभ्यानं करायच्या आसनांत तो येतो, शिवाय तोल राखण्याचा सराव होतो. फ्रीस्टाइल पोहून छाती आखडते, खांदे पुढे झुकतात. आसनांनी त्यांना पुन्हा जागेवर आणता येतं.

नव्या माणसाची गल्लत बेरजेत होते. पोहण्याचं पूर्ण सत्र, त्यावर योगाचा पूर्ण वर्ग, असं दोन्ही एका दिवसात बसवलं की झालं, असं त्याला वाटतं. शरीर मात्र दोन वेगळे हिशेब ठेवत नाही. ज्या खांद्यानं सकाळी शेकडो हात मारले, त्याच खांद्यावर तासाभरानं सूर्यनमस्कारांचा भार येतो. श्वासाचंही तसंच. पोहताना तो तोंडानं झटकन घ्यायचा असतो आणि आसनांत नाकानं सावकाश. खांदा आणि श्वास या दोन ठिकाणी हे दोन व्यायाम एकमेकांच्या आड येऊ शकतात, म्हणून या लेखात त्यांनाच सर्वांत जास्त जागा दिली आहे.

तुम्हाला २५ मीटर न थांबता पोहता येतं आणि नेहमीची आसनं तुम्ही कोणाच्या तरी देखरेखीखाली शिकला आहात, असं मी इथे गृहीत धरलं आहे. पोहणं अजून शिकतच असाल, तर आधी ते होऊ द्या. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अपस्मार, काचबिंदू, कानाचा जुना आजार किंवा पूर्वी निखळलेला खांदा असेल, किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांशी बोलून मगच सुरुवात करा.

पहिली पायरी: आजचा मुख्य व्यायाम कोणता, ते आधी ठरवा

दिवसाचा एकच व्यायाम मुख्य. दुसरा त्याच्या मदतीला. ज्या दिवशी पोहणं मुख्य, त्या दिवशी आसनं २० ते ३० मिनिटांची, शांत आणि खांद्याला विसावा देणारी. ज्या दिवशी योगाचा तासाभराचा वर्ग मुख्य, त्या दिवशी पोहणं म्हणजे अर्धं अंतर, सावकाश, वेळ न मोजता. दोन्ही पूर्ण ताकदीनं करायचा हट्ट पहिले दोन-तीन महिने तरी धरू नका. हे तुमच्या उत्साहावर पाणी ओतण्यासाठी सांगत नाही. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे त्या मानानं फार सावकाश तयार होतात. दम वाढला, म्हणून खांदाही तयार झाला असं नसतं, आणि खांद्याची दुखणी नेमकी याच मधल्या काळात सुरू होतात.

दुसरी पायरी: आधी पाणी, मग चटई

क्रमाबद्दल बरेच वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: नवख्या माणसानं आधी पोहावं. थकलेल्या अंगानं वृक्षासनात तोल गेला, तर पाय खाली टेकतो आणि काही बिघडत नाही. थकलेल्या अंगानं पोहताना मात्र कोपर खाली पडतं, कंबर बुडते, मान वर येते, आणि त्याच चुकीच्या पद्धतीनं हात शंभर वेळा फिरतो. शिवाय पाण्यात अंगातली ताकद संपणं हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. थकवा ज्याला खपत नाही तो व्यायाम आधी, हा साधा नियम.

दुसरं कारण म्हणजे ताण देऊन धरून ठेवायची आसनं. एकाच स्नायूला मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून ठेवलं की त्यानंतर काही काळ त्याचा जोर थोडा कमी होतो. लांब, खोल ताण देणारा वर्ग करून लगेच पाण्यात उतरलात, तर हात जड आणि ढिले वाटतील. शवासन किंवा योगनिद्रेनंतर लगेच पोहायला जाणं तर नकोच. अंग झोपेकडे झुकलेलं असतं.

सकाळी पोहणं आणि संध्याकाळी आसनं अशी विभागणी जमत असेल, तर उत्तम. मध्ये पाच-सहा तास मिळाले की शरीराला सावरायला वेळ मिळतो आणि संध्याकाळची आसनं थोडी जास्त वेळ करता येतात. पण बहुतेकांना एकाच फेरीत दोन्ही उरकावं लागतं, आणि तेही नीट जमतं. पुढच्या पायऱ्या तो हिशेब धरून लिहिल्या आहेत.

योगाच्या वर्गाची वेळ बदलता येत नसेल आणि तो आधीच येत असेल, तर वर्गात हातांवर भार येणारी आसनं अर्धी करा आणि नंतर पोहताना पाठीवर पोहण्याचं प्रमाण वाढवा.

तिसरी पायरी: पाण्यात उतरण्यापूर्वीची दहा मिनिटं

इथे आसनं हवीत, पण हलती. कोणतीही स्थिती दोन-तीन श्वासांपेक्षा जास्त धरायची नाही. ताडासनात उभं राहून श्वास घेत हात डोक्यावर न्या, सोडत खाली आणा, असं सात-आठ वेळा. मग दोन्ही खांदे कानांकडे उचलून मागे आणि खाली फिरवा. दोन्ही हातांनी मोठी वर्तुळं काढा, पुढून मागे आणि मागून पुढे. उभ्यानंच कंबर स्थिर ठेवून छाती डावीकडे-उजवीकडे वळवा. फ्रीस्टाइलमध्ये शरीर दोन्ही कुशींवर आळीपाळीनं लोळतं, त्याची ही तयारी. जागा असेल तर मार्जारासनाच्या सहा-सात फेऱ्या करा. शेवटी वीरभद्रासनासारखा पाय पुढे-मागे टाकून मांड्या आणि घोटे जागे करा.

तलावाच्या काठावरची फरशी ओली असते, त्यामुळे एका पायावरची आसनं तिथे करू नका. पोटभर जेवण झालं असेल, तर दोन-तीन तास जाऊ द्या. पोहताना आडवं व्हायचं असतं आणि नंतर आसनांत पुढे वाकायचं असतं, भरलेलं पोट दोन्हीकडे त्रास देतं. निघण्यापूर्वी एक पेला पाणी प्या.

एक गोष्ट या दहा मिनिटांत कटाक्षानं टाळा: कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक (श्वास रोखून धरणं). याचं कारण पुढे श्वासाच्या भागात सविस्तर दिलं आहे. लेखातला दुसरा कुठलाही भाग घाईत वाचलात तरी चालेल, तो मात्र नीट वाचा.

चौथी पायरी: पाण्यात किती आणि कसं

सुरुवातीला एकूण ५०० मीटर पुरे. २५ मीटरच्या तलावात याच्या २० लांब्या होतात, ५० मीटरच्या तलावात १०. पहिले १०० मीटर अगदी सावकाश, हवा तो प्रकार. पुढचे १०० मीटर फक्त पाय मारत, किक बोर्ड धरून किंवा पाठीवर. बोर्ड धरताना हात लांब ताणून त्यावर जोर देऊ नका, खांदा तिथेही दुखावतो. बोर्डाची मागची कड धरा, कोपरं सैल ठेवा. त्यानंतर मुख्य भाग: २५ मीटर आठ वेळा, दर वेळी २० ते ३० सेकंद थांबून. थांबल्यावर एक पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे. शेवटचे १०० मीटर पुन्हा सावकाश, त्यातले निम्मे पाठीवर. सगळं मिळून साधारण अर्धा तास.

घड्याळातले नाडीचे आकडे जमिनीवरच्या व्यायामाशी ताडून पाहू नका. पाण्यात शरीर आडवं असतं, पाण्याच्या दाबामुळे पायांतलं रक्त हृदयाकडे सहज परततं आणि अंगही थंड राहतं. त्यामुळे तितक्याच मेहनतीला नाडी जमिनीपेक्षा मिनिटाला साधारण दहा ठोके कमी लागू शकते. आकडा कमी दिसला, म्हणजे मेहनत कमी झाली असं नाही.

वेळेपेक्षा एक साधं माप ठेवा: एका लांबीला किती हात मारले ते मोजा. नवख्या माणसाला २५ मीटरला साधारण २० ते ३० हात लागतात. मुख्य भागातल्या पहिल्या लांबीचा आकडा लक्षात ठेवा आणि शेवटच्या लांबीला पुन्हा मोजा. पाचहून जास्त हातांचा फरक पडला, तर पद्धत मोडली आहे. त्या दिवशी तिथेच थांबा, आणि नंतरची आसनंही फक्त पाठीवर पडून करायची ठेवा. दोन्ही व्यायाम एकाच दिवशी करणाऱ्याला याहून भरवशाचं मोजमाप मला माहीत नाही. मन "अजून चार लांब्या" म्हणत असतानाच हा आकडा खांद्याची खरी स्थिती सांगून टाकतो.

श्वास: एकीकडे शिकलेलं दुसरीकडे कुठे उपयोगी, कुठे घातक

आधी उपयोगाचं बोलू. बहुतेक नवख्यांना पोहताना दम लागतो तो हवा कमी पडल्यामुळे नव्हे. ते पाण्यात चेहरा असताना श्वास रोखून धरतात आणि डोकं बाहेर काढल्यावर त्या क्षणभरातच सोडणं आणि घेणं दोन्ही उरकू पाहतात. जुनी हवा पूर्ण बाहेर पडत नाही, कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि जीव घाबरा होतो. त्यात गळ्यापर्यंत पाण्यात असताना छातीवर पाण्याचा दाब असतो, त्यामुळे श्वास आत घ्यायला जमिनीपेक्षा जास्त जोर लागतो. उपाय एकच: चेहरा पाण्यात गेला की लगेच श्वास सोडायला सुरुवात, आणि तोंड बाहेर येईपर्यंत तो सोडत राहणं.

योगातला सावकाश, लांब सोडलेला श्वास इथे कामी येतो. भ्रामरी येत असेल, तर फारच सोपं. भ्रामरीत गुंजन करत श्वास सोडतो, तसंच गुंजन पाण्यात चेहरा असताना करा. आवाज चालू आहे, म्हणजे श्वास बाहेर जातो आहे. आवाज थांबला, म्हणजे तुम्ही नकळत दम धरला. कमरेएवढ्या पाण्यात काठ धरून चार-पाच वेळा करून पाहा आणि मग एका लांबीत वापरा. खांदे आणि मान दोन्ही सैल पडल्याचं तुमचं तुम्हाला जाणवेल.

आता धोक्याचं. श्वास घेण्याची ओढ आपल्याला मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे लागते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. कपालभाती किंवा भस्त्रिकेसारख्या भरभर क्रियेत कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर टाकला जातो. ऑक्सिजन मात्र त्यानं विशेष वाढत नाही, कारण निरोगी माणसाच्या रक्तात तो आधीच जवळजवळ पुरेपूर असतो. अशा अवस्थेत कोणी पाण्याखाली दम धरला, तर श्वास घ्यावासा वाटण्याआधीच ऑक्सिजन इतका खाली येऊ शकतो की माणूस कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध पडतो. पाण्यात बेशुद्ध पडणं म्हणजे बुडणं. हे उथळ पाण्यातही घडतं, आणि चांगलं पोहणाऱ्यांच्या बाबतीतही घडतं.

म्हणून चार नियम, आणि त्यांना अपवाद नाही. पोहण्यापूर्वी भरभर श्वासाच्या क्रिया नाहीत. त्या करायच्याच असतील, तर दिवसाच्या दुसऱ्या वेळी, पोहणं आटोपल्यावर. कुंभकाचा सराव पाण्यात कधीही नाही. पाण्याखाली जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या किंवा दम धरण्याच्या पैजा नाहीत. आणि जीवरक्षक हजर नसलेल्या तलावात एकट्यानं पोहायचं नाही.

पाचवी पायरी: पाणी आणि चटई यांच्यामधली वीस मिनिटं

ही वीस मिनिटं बहुतेक जण वगळतात. पाण्याचा शरीरावरचा दाब तुम्ही बाहेर पडताच नाहीसा होतो आणि रक्त पायांकडे उतरतं. त्यामुळे शिडी चढून एकदम उभं राहिल्यावर कित्येकांना गरगरतं. सावकाश चढा, काठावर मिनिटभर बसा. नंतर गरम पाण्यानं अंघोळ केली, तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब आणखी थोडा उतरतो. अशा वेळी चटईवर जाऊन लगेच उत्तानासनात वाकणं आणि झटक्यात वर येणं म्हणजे चक्कर ओढवून घेणं. पहिली आसनं पाठीवर पडून करायची, ती यासाठीच.

दुसरी बाब थंडीची. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. स्पर्धांच्या तलावांत पाणी २५ ते २८ अंश सेल्सियस ठेवतात. पोहताना ते छान वाटतं, थांबल्यावर मात्र अंग झपाट्यानं निवतं. गार पडलेले स्नायू ताणायला जाऊ नका. कोमट पाण्यानं अंघोळ करा, क्लोरीन नीट धुवून टाका, केस कोरडे करा, कोरडे कपडे आणि मोजे घाला. हाताचे तळवे ओलसर किंवा क्रीम लावलेले असतील, तर चटईवर हात सटकतात, तेही पुसून घ्या.

तिसरी बाब पाण्याची. पोहताना घाम येतो, पण दिसत नाही. शिवाय पाण्यात बुडालेलं शरीर जास्त लघवी तयार करतं. दोन्हीमुळे अंगातलं पाणी कमी होतं आणि तहान मात्र लागत नाही. थोडं थोडं करत दोन पेले पाणी या वेळात प्या. तापवलेल्या खोलीतला योगवर्ग पोहण्याच्या दिवशी घेऊ नका.

सहावी पायरी: खांद्याचा हिशेब

५०० मीटर फ्रीस्टाइलला एकूण ४०० ते ६०० हात, म्हणजे प्रत्येक खांद्याला २०० ते ३०० वेळा डोक्यावरून फिरावं लागतं. दर वेळी हात पाणी मागे ढकलताना छातीचे आणि बगलेतले मोठे स्नायू दंडाला आतल्या बाजूला वळवतात. खांद्याच्या सांध्याभोवतीचे छोटे स्नायू दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीत धरून ठेवतात. ते थकले की माथा वर सरकतो आणि वरच्या हाडाखाली कंडरा चेंगरला जातो. पोहणाऱ्यांच्या खांदेदुखीचं हे नेहमीचं कारण.

आता योगातली आसनं पाहा. चतुरंग दंडासनात अंगाचं बरंच वजन वाकलेल्या कोपरांवर तोललं जातं, आणि छाती कोपरांच्या पातळीखाली गेली की खांद्याच्या पुढच्या बाजूला जोरदार ताण बसतो. अधोमुख श्वानासनात हात डोक्यावर असतात आणि वरून भार येतो, म्हणजे पोहताना थकलेल्या नेमक्या त्याच कोनात. फलकासन, मयूरासन, शीर्षासन, चक्रासन, सगळ्यांत हातांवर भार. ताज्या खांद्याला ही आसनं बळ देतात. थकलेल्या खांद्याला ती त्याच दिवशी द्यायची नसतात.

म्हणून पोहण्याच्या दिवशी बदल असे करा. सूर्यनमस्कार करायचेच असतील, तर तीन-चार आणि चतुरंगाऐवजी गुडघे टेकून सरळ पोटावर यायचं. अधोमुख श्वानासनाऐवजी भिंतीवर तळवे टेकवून कमरेत वाकायचं, भार पायांवर ठेवून. शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन त्या दिवशी बाजूला. मानेवरचा ताण तर आहेच, शिवाय नाकात राहिलेलं पाणी उलटं झाल्यावर सायनसकडे उतरतं आणि बराच वेळ त्रास देतं.

एक सूचना लवचीक मंडळींसाठी. ज्यांचे हात पाठीमागे सहज गुंफले जातात, गोमुखासन पहिल्याच प्रयत्नात जमतं, त्यांनी खांदा आणखी ताणू नये. त्यांचा सांधा मुळातच सैल असतो आणि पोहणं त्यात भर घालतं. त्यांना ताण नको, धरून ठेवणारं बळ हवं. अशांनी गोमुखासन वगळून पुढे दिलेलं शलभासन मन लावून करावं.

दुखणं कोणतं साधं आणि कोणतं नाही, हे ओळखायला शिका. दुसऱ्या दिवशी पाठीचे, दंडाचे स्नायू भरून येणं साधं आहे. पण हात बाजूनं वर उचलताना मधल्या टप्प्यातच कळ येत असेल, खांद्याच्या पुढच्या टोकावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, किंवा त्या कुशीवर झोपल्यावर रात्री जाग येत असेल, तर पोहणं आणि हातांवरची आसनं दोन्ही थांबवा. आठवडाभरात फरक पडला नाही, तर फिजिओथेरपिस्टना दाखवा.

सातवी पायरी: पोहल्यानंतरची पंचवीस मिनिटं

सुरुवात विपरीत करणीच्या सोप्या रूपानं. भिंतीला टेकवून पाय वर, पाठ पूर्ण जमिनीवर, कमरेखाली काही नको. तीन मिनिटं. नाकानं श्वास, सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांब. क्लोरीनमुळे नाक चोंदलं असेल, तर अनुलोम-विलोमचा हट्ट नको, जमेल तसा शांत श्वास चालेल.

मग टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती कण्याच्या रेषेत, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठीखाली ठेवा आणि तिच्यावर पडा. हात दोन्ही बाजूंना, तळवे वर, कोपरं खांद्याच्या पातळीच्या जरा खाली. काहीही ढकलायचं नाही. हातांच्या वजनानं छाती आपोआप उघडते. दोन-तीन मिनिटं राहा. पोहण्याच्या दिवशी एकच आसन करायला वेळ असेल, तर मी हेच निवडेन.

गुंडाळी काढून जठर परिवर्तनासन: गुडघे पोटाशी, दोन्ही एका बाजूला, मान विरुद्ध बाजूला. प्रत्येक बाजूला मिनिटभर. तुम्ही पोहताना एकाच बाजूनं श्वास घेत असाल, तर एक बाजू जास्त आखडलेली आढळेल, तिथे आणखी अर्धं मिनिट द्या. पाठोपाठ सेतुबंधासन, पाच श्वास, दोन वेळा. पाय मारताना मांडीच्या पुढचा भाग आणि जांघ काम करते. सेतुबंधात ती उघडते आणि नितंबांचे स्नायू जागे होतात.

पालथे होऊन शलभासनाचं सौम्य रूप: पाय जमिनीवरच, हात बाजूंना, फक्त छाती थोडी उचलून खांद्यांची पाती एकमेकांकडे आणि खाली ओढा. पाच श्वास, तीन वेळा. पात्यांमधले हे स्नायू पोहताना मागे पडतात आणि खांदा जागेवर ठेवायला तेच लागतात. त्यानंतर शशांकासनात विसावा. हात पुढे ताणू नका, अंगाच्या बाजूनं मागे सोडा.

आता उभे राहा. अंजनेयासनात एक पाय पुढे, मागचा गुडघा जमिनीवर, प्रत्येक बाजूला पाच-सहा श्वास. हात मांडीवर, वर नाही. मग वृक्षासन, प्रत्येक पायावर अर्धं मिनिट. पाण्यात अर्धा तास तरंगलेल्या शरीराला जमिनीवरचा तोल पुन्हा सापडायला थोडा वेळ लागतो, पहिले काही दिवस भिंतीजवळ करा. भिंतीला हात टेकून एकेका पोटरीला ताण द्या.

शेवटी शवासन, अंगावर पांघरूण घेऊन, सात ते दहा मिनिटं. पांघरूण विसरू नका. अंग निवत गेलं, तर शवासनात विसावा मिळत नाही, नुसती कुडकुड होते.

गोळा आला तर

पोहल्यानंतर पोटरीत किंवा तळपायाच्या कमानीत गोळा येणं फार सामान्य आहे. पाय मारताना चवडा ताणलेला असतो आणि वज्रासनात, वीरासनात पुन्हा तसाच ताणला जातो, त्यामुळे गोळा नेमका चटईवर येतो. आला की बोटं नडगीकडे ओढा, धरून ठेवा, मग हलक्या हातानं चोळा. पाण्यात आला, तर पाठीवर व्हा, तरंगत राहा, बोटं नडगीकडे ओढा आणि काठाकडे या.

असं असलं तरी वज्रासन सोडून देऊ नका. ताठ घोट्यांचे लोक पाय मारतात तेव्हा पावलं खाली लोंबतात आणि पाण्याचा ब्रेक लागल्यासारखा विरोध होतो. वज्रासनानं घोटा हळूहळू मोकळा होतो. मात्र ते पोहणं नसलेल्या दिवशी, टाचांवर उशी ठेवून, अर्ध्या मिनिटापासून सुरू करा.

प्रकारानुसार थोडे फेरफार

वरचा क्रम फ्रीस्टाइल धरून आहे. ब्रेस्टस्ट्रोक जास्त पोहत असाल, तर लक्ष गुडघ्यांकडे द्या. त्यातल्या पाय मारण्यात गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो. पद्मासन, वीरासन, खोल बद्धकोणासन यांतही गुडघा वळवला जातो, म्हणून त्या दिवशी ही आसनं नकोत. पाठीवर पडून एक पाय दुसऱ्या मांडीवर ठेवून जवळ ओढा, नितंब मोकळे होतात आणि गुडघा सुरक्षित राहतो. डोकं पाण्याबाहेर ठेवून ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांची मान आणि कंबर मागे वाकलेली राहते. त्यांनी, आणि बटरफ्लाय पोहणाऱ्यांनी, भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन त्या दिवशी टाळून पवनमुक्तासन आणि गुडघे वाकवून केलेलं पश्चिमोत्तानासन करावं. बॅकस्ट्रोकवाल्यांना वेगळं काही लागत नाही.

आठवडा कसा लावायचा

पहिल्या महिन्यात दोन्ही व्यायामांचे दिवस आठवड्यातून दोनच, आणि दोहोंमध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. आणखी एक दिवस फक्त योग, त्यात सूर्यनमस्कार, अधोमुख श्वानासन, चतुरंग सगळं मनसोक्त करा. उरलेले दिवस चालणं किंवा विश्रांती. दोन आठवडे सुरळीत गेले की पोहण्यात १०० मीटर वाढवा. त्याच आठवड्यात आसनांची वेळ वाढवू नका, दोन्हींपैकी एकच गोष्ट एका वेळी वाढवायची. ८०० मीटरपर्यंत पोहोचलात आणि शेवटच्या लांबीचा हातांचा आकडा पहिल्याच्या जवळपास राहत असेल, तर तिसरा जोडदिवस घ्यायला हरकत नाही.

सकाळी उठल्यावर अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असेल, झोप नीट लागली नसेल किंवा खांदे जड वाटत असतील, तर त्या दिवशी जोडदिवस पुढे ढकला आणि फक्त टॉवेलच्या गुंडाळीवरची तीन मिनिटं आणि शवासन करा. ताप, सर्दी किंवा कान दुखत असताना पाण्यात उतरू नका. सर्दी ओसरल्यावर पहिल्या दिवशी ५०० मीटरच्या जागी ३०० मीटर पोहा.